‘वादळी वय’ म्हणे! वादळ पोरात आहे की घरात?

गोदाकाठचा_बाप
परवा मुलाच्या शाळेत पालकसभा होती. समुपदेशक बाईंनी पडद्यावर मेंदूचं चित्र दाखवलं आणि म्हणाल्या, हे वादळी वय आहे, हार्मोन्सचा खेळ, दोन-तीन वर्षं धीर धरा. सगळे माना डोलवत होते. मला पटलं नाही, म्हणून धागा काढतोय.

हे ‘वादळ’ आलं स्टॅन्ली हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाकडून. १९०४ साली त्याने किशोरवयावर दोन जाडजूड खंड लिहिले. पुढे मार्गारेट मीड ही मानववंशशास्त्रज्ञ १९२५ मध्ये सामोआ बेटांवर गेली आणि १९२८ च्या पुस्तकात तिने लिहिलं की तिथल्या मुलीही वयात येतात, पण घरात आदळआपट होत नाही. म्हणजे शरीर तेच, वादळ मात्र समाज देतो.

आता माझं घर बघा. मी पंचवटीतल्या वाड्यात वाढलो. दोन खोल्या, नऊ माणसं. रुसायला जिना तेवढा होता. तिथे बसलं की वरून आत्या हंडा घेऊन उतरायची, तिला वाट द्यायला उठावं लागायचं, आणि उठलं की रुसवा गेला. आता पाथर्डी फाट्याला टू बीएचके, मुलाला वेगळी खोली, दाराला आतून कडी. गेल्या महिन्यात मोबाईलवरून वाजलं आणि चार दिवस कडी लागली. बायको ताट दाराबाहेर ठेवायची. हे काम हार्मोन्सचं की कडीचं? चौदाचा तर मीही होतो.

ऑगबर्न नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९२२ मध्येच मांडलंय की वस्तू झपाट्याने बदलतात, रीतीभाती मागून रखडत येतात. आमच्याकडे मोबाईल एका दिवसात आला. तो कधी, कुठे, किती वापरायचा याची रीत अजून वाटेतच आहे.

सिडकोची_सायन्सबाई
मीडचं अर्धंच सांगितलंत. डेरेक फ्रीमन या मानववंशशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं: सामोआ इतकं शांत नाही, तिथेही मारामाऱ्या, कडक बंधनं, मुलांची घुसमट आहे. (पुढे फ्रीमनवरही भरपूर टीका झाली, तेही सांगते. नाहीतर तुम्हीच सांगाल.)

मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. या वयात झोप आणणारं मेलॅटोनिन रात्री उशिरा वाढायला लागतं. मुलं रात्री जागी आणि सकाळी मेलेली असतात. सातच्या तासाला शेवटच्या बाकावरचा मुलगा डोळे उघडे ठेवून झोपलेला असतो. पेन हातात, वहीवर एक लांब रेघ घसरत गेलेली. हा आळस नाही. सरकारने २०२४ मध्ये शाळा नऊच्या आधी भरवू नका म्हणून आदेश काढला, तो कुणासाठी? चौथीपर्यंतच्यांसाठी! ज्यांचं घड्याळ खरोखर पुढे सरकलंय ती पोरं अजून सातलाच येतात. शरीर नाकारलं की असे निर्णय होतात.

आणि दादा, जिन्यातला तुमचा रुसवा संपत नव्हता, गिळला जात होता. आत्या येताना दिसली म्हणून उठलात ना?

मिसळ_कमी_तिखट
चार दिवस ताट दाराबाहेर? आमच्याकडे ताट ओट्यावरच राहिलं असतं आणि दुसऱ्या दिवशी तेच गरम करून मिळालं असतं. सिद्धांत वगैरे नंतर.

जुनी_नाशिककर
माझ्या आजीचं लग्न अकराव्या वर्षी झालं. परकर सुटून लुगडं आलं, मधलं काही नाही. ती वादळी होती की नाही, हे कुणी विचारलंच नाही.

आपल्याकडे मुलींच्या वाट्याला हे वय कायद्यानेही आलंय. १८९१ चा संमतिवयाचा कायदा आठवा. मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय दहाचं बारा करायचं होतं, तर केवढा गदारोळ! टिळकांनीही विरोध केला. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचं लग्नाचं वय चौदा केलं, आणि अठरा व्हायला १९७८ उजाडलं. बालपण आणि संसार यांच्यामध्ये जागा तयार झाली ती अशी. मानसशास्त्रज्ञ एरिक्सन म्हणतो, स्वतःची ओळख सापडेपर्यंत समाजाने तरुणांना उसंत द्यावी लागते. गोदाकाठचे, तुम्हाला कडीचा राग येतोय. माझ्या आजीला अशी एक कडी मिळाली असती तर मी पेढे वाटले असते.

गोदाकाठचा_बाप
@जुनी_नाशिककर, आजी, हे मानलं. पण तुम्ही माझंच म्हणणं सांगताय. कायदा, शाळा, घराचा आराखडा, यांनीच हे वय घडवलं.

@सायन्सबाई, झोपेचं मान्य. बाकी नाही. झोप उशिरा येते म्हणून मुलगा बापाशी अबोला धरत नाही.

सिडकोची_सायन्सबाई
तसं कोण म्हणतंय? जेफ्री आर्नेट या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये हॉलचा मुद्दा पुन्हा तपासला. पालकांशी खटके, मनाचे हेलकावे आणि नको ते धाडस, या तिन्ही गोष्टी प्रत्येक मुलात दिसतीलच असं नाही, पण इतर वयांपेक्षा या वयात जास्त संभवतात, एवढंच तो म्हणतो. संस्कृती त्या वाढवते किंवा दाबते. तुम्हाला सगळं श्रेय संस्कृतीला द्यायचंय, कारण मग ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणता येतं.

ऑक्टोबर_छाटणी
निफाडकडचा आहे, द्राक्षबाग आहे. तुमची सगळी चर्चा खोली असलेल्या पोरांची चालली आहे. आमच्याकडे डिपिंगला, म्हणजे द्राक्षाचे घड औषधाच्या पाण्यात बुडवायला, पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात. मागच्या हंगामात एक पोरगी आईबरोबर आली. मुकादम म्हणाला अठराची आहे. मला पंधराच्या वर वाटली नाही. मी विचारलं नाही, ही माझी चूक.

तिने हजेरीतून पैसे साठवले होते, मोबाईलसाठी. आईने ते घरच्या उधारीत दिले. त्या दिवशी पोरगी मांडवाखालून उठली आणि विहिरीच्या कठड्याला पाठ लावून बसली. हात जी.ए.च्या (त्याच डिपिंगच्या औषधाच्या) पाण्याने भिजलेले, तोंड आमच्याकडे नाही. दोन दिवस आईशी शब्द नाही. कडी नव्हती, खोली नव्हती, दारच नव्हतं. आईने भाकरी फडक्यात बांधून शेजारी ठेवली, ती तशीच राहिली. मुकादमाने दोन्ही दिवसांची हजेरी कापली.

आता हे वादळ कुठलं, तुम्हीच ठरवा. मला एवढंच दिसलं की तिचा अबोला आणि गोदाकाठवाल्यांच्या पोराचा अबोला यात काही फरक नाही. फरक हजेरीचा आहे.

सिडकोची_सायन्सबाई
गोदाकाठचे, दाराशिवायची कडी बघितलीत?

मिसळ_कमी_तिखट
माझी वरची कमेंट परत घेतो.

गोदाकाठचा_बाप
बघितली. पण ‘हार्मोन्स’ म्हणून तिचा विषय मिटत नाही. तिच्या कमाईवर तिचा हक्क किती, हे त्या घरात कुणी ठरवलेलं नाही. पूर्वी कमाई घराची होती, आता मोबाईल तिचा आहे. ऑगबर्न तिथेही लागू पडतोय की.

जुनी_नाशिककर
अहो, ऑगबर्नला जरा बसू द्या. तिचे पैसे तिला परत मिळाले का?

ऑक्टोबर_छाटणी
दोन दिवसांची कापलेली हजेरी मी दिली, आईच्या हातात. ती तिने पोरीला दिली की नाही, माहीत नाही. तिसऱ्या दिवशी दोघी एकाच ओळीत काम करत होत्या.