निकालाच्या दिवशी तुमच्या स्क्रीनवर काय चाललेलं असतं?

बोरूबहाद्दर (धागाकर्ता)

लोकसभेचा निकाल असला की आमच्याकडे टीव्हीवर आघाडी-पिछाडी, टेबलावरच्या कॉम्प्युटरवर सेन्सेक्स आणि फोनवर नातेवाइकांच्या ग्रुपमधली हाणामारी, असं तिन्ही एकदम चालू असतं. तिन्हीकडे बघणारं डोकं मात्र एकच, आणि त्या डोक्यात या गोष्टी वेगवेगळ्या राहत नाहीत असा माझा दाट संशय आहे. ज्याला आपला पक्ष येणार असं वाटतं, त्याला बाजारही वर जाणार असंच वाटतं. म्हणून हा धागा. निवडणूक, बजेट, नोटाबंदी अशा दिवशी घरून व्यवहार करणाऱ्यांनी काय पाहिलं, काय केलं आणि कशावर केलं ते लिहा. अटी दोनच: कुठला शेअर घ्यावा हे सांगायचं नाही आणि पंतप्रधान कोण हवा यावर भांडायचं नाही.

माझं आधी सांगतो. १ जून २०२४ ला शनिवारी संध्याकाळी एक्झिट पोल आले. सोमवारी सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी चढला. मंगळवारी मतमोजणी होती आणि सेन्सेक्स ४,३८९ अंश, म्हणजे जवळजवळ पावणेसहा टक्के पडला. शुक्रवारी तो सोमवारच्या बंद भावाच्याही वर होता. जो माणूस तो आठवडा रेंज नसलेल्या गावी जाऊन आला, त्याला घडलं काय ते कळलंसुद्धा नसेल. मीही मंगळवारी काही विकलं नाही. त्यात माझं धैर्य वगैरे काही नाही, लॉगिनच होत नव्हतं.

दुसरा माळा

तुमचा २०२४ चा मंगळवार ठीक आहे, पण १७ मे २००४ चा सोमवार ज्यांनी पाहिला त्यांना विचारा. वाजपेयी सरकार हरलं होतं, नवं सरकार डाव्यांच्या पाठिंब्यावर येणार आणि निर्गुंतवणूक (सरकारी कंपन्यांतला हिस्सा विकणं) गुंडाळली जाणार, अशी बाजाराची धास्ती होती. दिवसात दोनदा व्यवहार थांबवावे लागले. सेन्सेक्स एका क्षणी ८४२ अंशांनी खाली होता आणि बंद होताना ५६५ नी. आज हे आकडे किरकोळ वाटतील, पण तेव्हा सेन्सेक्सच पाच हजारांवर होता. ११ टक्के एका दिवसात!

आता कॉम्प्युटरची बाजू. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने इंटरनेटवरून व्यवहारांना परवानगी दिली २००० साली. मी हौसेने लगेच खातं उघडलं होतं. घरात टेलिफोनची लाइन एक, त्यावर डायल-अप. नेट लावलं की फोन अडकला आणि ब्रोकरला फोन करायचा तर नेट तोडायचं. त्या सोमवारी मी नेट धरून बसलो, पान अर्धं उघडायचं आणि तिथेच थबकायचं. मग तोडलं, फोन लावला, तो एंगेज. ब्रोकरच्या ऑफिसात त्या दिवशी कुणाचा फोन लागला असेल असं मला वाटत नाही.

ज्यांचं सरकार येणार म्हणून बाजार कोसळला, त्यांच्याच काळात, २००७ संपायच्या आत, सेन्सेक्स वीस हजारांच्या वर जाऊन आला. आमच्या कट्ट्यावरच्या एका कट्टर गृहस्थांनी त्या सोमवारनंतर सगळं विकून मुदत ठेवीत टाकलं आणि पुढची तीन वर्षं ‘हे सगळं खोटं आहे’ म्हणत भाव बघत बसले. भाव बघायचं मात्र सोडलं नाही.

खारे शेंगदाणे

माळा काका, २००९ राहिलं की! निकाल शनिवारी लागला आणि १८ मे चा सोमवार उजाडला. मी सायबर कॅफेत पहिला नंबर लावून बसलो होतो. बाजार उघडला आणि वरचं सर्किट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेइतका चढला की व्यवहार थांबतात ते. दोन तासांनी पुन्हा उघडला, पुन्हा सर्किट, दिवसभरासाठी बंद. सेन्सेक्स २,११० अंश वर, १७ टक्क्यांच्याही पुढे, आणि प्रत्यक्ष व्यवहार मिनिटभरही झाला नसेल. कॅफेवाल्याने पूर्ण तासाचे पैसे घेतले.

काळी मांजर

मी नोकरी सांभाळून दहाएक वर्षं ऑप्शन (ठरलेल्या भावाने पुढे घ्यायचा किंवा विकायचा हक्क) बघतेय. ‘बघतेय’ म्हणायचं कारण पुढे येईल.

निकालाच्या आधी ऑप्शनचे प्रीमियम, म्हणजे त्या हक्काचे भाव, फुगतात, कारण काय होईल ते कुणालाच माहीत नसतं आणि त्या अनिश्चिततेचीच किंमत प्रीमियममध्ये असते. निकाल लागला की अनिश्चितता संपते आणि हवा निघते. माझ्या चुलतभावाने निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कॉल (बाजार चढेल यावरचा ऑप्शन) घेतला होता. बाजार त्याच्या बाजूने चढला, बऱ्यापैकी चढला, तरी त्याचा कॉल अपेक्षेच्या निम्माही वाढला नाही. दिवसभर तो ब्रोकरला शिव्या घालत होता. ब्रोकरचा दोष नव्हता, व्हिक्स (बाजारातली अनिश्चितता मोजणारा निर्देशांक) धडाधड उतरत होता आणि त्याने त्या ओळीकडे पाहिलंच नव्हतं. राजकीय अंदाज बरोबर, दिशा बरोबर, आणि पैसे जवळपास जिथल्या तिथे. ज्यांना वाटतं की निवडणुकीचा निकाल आधी कळला तर आपण श्रीमंत होऊ, त्यांनी यावर विचार करावा.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. मी वहीत सौदे लिहिते, पैसे लावत नाही. हसा खुशाल.

उंटावरचा शहाणा

मी मत देतो, पीपीएफ भरतो आणि निकालाच्या दिवशी दुपारी झोपतो. चालू द्या.

दशांश

बोरूबहाद्दर, तुमचं लॉगिन का होत नव्हतं ते थोडं सांगू शकतो, कारण मी अशाच एका ठिकाणी सर्व्हरच्या बाजूला काम केलंय (नाव विचारू नका).

लोकांना वाटतं कंपनी मुद्दाम बंद पाडते. तसं नसतं. सव्वानऊला बाजार उघडतो. नेहमीच्या दिवशी लोक पुढेमागे येतात, निकालाच्या दिवशी सगळे एकाच मिनिटाला येतात, आणि ज्याचं लॉगिन अडकतं तो पुन्हापुन्हा बटण दाबतो. एका माणसाच्या पाच विनंत्या होतात. ओटीपीचे मेसेज टेलिकॉम कंपनीकडे रांगेत उभे राहतात. लॉगिन, भाव, ऑर्डर, पैसे या चारही गोष्टी वेगवेगळ्या यंत्रणांवर चालतात, त्यामुळे भाव हलताना दिसतात पण ऑर्डर जात नाही, असा प्रकार होतो. यातलं सगळ्यात वाईट म्हणजे ‘पेंडिंग’. ऑर्डर गेली की नाही कळत नाही, माणूस दुसरी टाकतो आणि नंतर दोन्ही लागतात.

घरच्या माणसाने करण्यासारखं एवढंच: आदल्या दिवशी लॉगिन तपासा, ब्रोकरच्या डीलिंग डेस्कचा (फोनवर ऑर्डर घेतात तिथला) नंबर कागदावर लिहून ठेवा आणि घरच्या वायफायशिवाय दुसरं काहीतरी नेट हाताशी असू द्या. ज्याचे शेअर पाच-दहा वर्षांसाठी आहेत त्याने यातलं काहीही नाही केलं तरी चालेल.

मूषकवाहन

धाग्यात कॉम्प्युटरला न्याय मिळत नाहीये, म्हणून लिहितो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट्स नेहमीच्या हिशेबाने थांबली. माझा लॅपटॉप धडधाकट, पण विंडोज ११ ला जो प्रोसेसर आणि टीपीएम (सुरक्षेची चिप) लागतो तो त्यात नाही. नवा घ्यायचा तर पन्नासेक हजार. मी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. ब्रोकरची साइट, बँक, आयकर पोर्टल, सगळं ब्राउझरमध्ये चालतं. हिशेब लिबर ऑफिसमध्ये. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट आधीपासूनच आहे, काही उतरवून घ्यावं लागलं नाही. अडलं ते चार्टच्या एका सॉफ्टवेअरपाशी, ते फक्त विंडोजवर चालतं. महिनाभर चुकल्यासारखं वाटलं. नंतर लक्षात आलं की ते नसल्यापासून माझी खरेदी-विक्री निम्म्यावर आली आहे, आणि दलाली, एसटीटी (शेअरच्या व्यवहारावरचा कर) आणि जीएसटीही.

आणखी एक करतो. पैशांच्या व्यवहारांसाठी लॅपटॉपवर वेगळा युजर ठेवलाय. त्यात व्हॉट्सॲप नाही, बातम्या नाहीत, ब्राउझरला एकही एक्स्टेन्शन नाही. मुलाच्या गेमचं ‘फुकट’ व्हर्जन ज्या खात्यात उतरतं, त्याच खात्यातून डीमॅट (शेअर ठेवायचं ऑनलाइन खातं) उघडायचं हे मला झेपत नाही. बायको म्हणते, राजकारणही दुसऱ्या युजरमध्ये टाक.

हलवायाच्या घरावर

मूषकवाहन, डेस्कटॉप-लॅपटॉप हा आता तुमच्या पिढीचा विषय झालाय. माझ्या वर्गातल्या कुणीही शेअर घ्यायला कॉम्प्युटर उघडलेला नाही. केवायसी फोनवर, पैसे यूपीआयने, सगळं बसमध्ये बसून. निकाल पण रील्समध्येच बघतो.

मूषकवाहन

मान्य. पण वर्षाचं कॅपिटल गेन स्टेटमेंट फोनवर वाचून दाखव, मग बोलू.

ओटीपी आजी

माझे शेअर थोडेच, यांनी घेतलेले. मला राजकारण्यांच्या चेहऱ्याची भीती वाटते ती वेगळ्या कारणाने. २०२४ च्या प्रचाराच्या दिवसांत फोनवर एक व्हिडिओ आला. मोठे मंत्री हिंदीत सांगतायत की सरकारची नवी योजना आहे, एकवीस हजार भरा आणि महिन्यात काही लाख मिळतील. चेहरा तोच, आवाज तोच. ओठ मात्र जरा मागेपुढे. आमच्या सोसायटीत ज्यांना त्या पक्षाचा राग आहे, त्यांनी पाहताक्षणी ‘खोटं’ म्हणून टाकलं. ज्यांना प्रेम आहे, ते दोन दिवस विचार करत होते. एकाने लिंकही उघडली. तिथून फोन आला, ‘स्क्रीन शेअर करा, आम्ही फॉर्म भरून देतो.’ सुनेने फोन हातातून काढून घेतला म्हणून वाचले.

मंत्री कोणताही असो, तो मला घरी येऊन गुंतवणूक शिकवणार नाही एवढं मला कळतं.

चष्मेवाली

आजी, ‘यांनी घेतलेले’ वाचून लिहावंसं वाटलं. कारण निवडणुकीच्या चढउतारांवर एवढे परिच्छेद झाले, पण आमच्या घरात खरा फरक पडला तो दिल्लीतल्या साध्या नियमांनी, ज्यांच्यावर टीव्हीवर कधी चर्चा होत नाही.

सासरे गेल्यावर ट्रंकेत शेअर सर्टिफिकेटं सापडली. ऐंशी-नव्वदच्या दशकातली, काही कंपन्यांची नावं बदललेली, काही दुसऱ्यांत विलीन. तेव्हा लोक फोर्टच्या फुटपाथवरून इश्यूचे फॉर्म आणून भरायचे, तसे घेतलेले. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर हस्तांतरित होत नाहीत. वारसाहक्काला सूट आहे, पण तेही शेवटी डीमॅटमध्येच जातात. आमच्या वेळी कंपनीचा रजिस्ट्रार (शेअरधारकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) सगळे कागद तपासून ‘लेटर ऑफ कन्फर्मेशन’ द्यायचा, ते १२० दिवसांच्या आत डीमॅट खात्यात लावायचं होतं.

काही शेअर तर कंपनीकडेही नव्हते. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही की तो आणि ते शेअर सरकारच्या आयईपीएफ (गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण) निधीत जातात. परत मिळतात, पण आयईपीएफ-५ हा फॉर्म ऑनलाइन भरायचा, मग त्याची प्रत आणि मूळ कागद कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवायचे, कंपनी पडताळणी करणार, मग निधीचं कार्यालय. सर्टिफिकेटवर सासऱ्यांचं आडनाव एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या, मृत्यूच्या दाखल्यावर तिसऱ्या. प्रतिज्ञापत्रं करून करून आमच्या नोटरीच्या मुलांची नावंसुद्धा पाठ झाली.

या कामात डेस्कटॉप आणि स्कॅनर किती लागला ते ‘फोनवर सगळं होतं’ म्हणणाऱ्याला एकदा दाखवायचंय. एक फोल्डर, त्यात प्रत्येक कंपनीचा उपफोल्डर, प्रत्येक पत्राची पीडीएफ तारखेने. नणंदेच्या घरी हेच काम अर्धवट सुटलंय, कारण कागद कुणाच्या तरी फोनच्या गॅलरीत लग्नाच्या फोटोंमध्ये आहेत.

त्यामुळे वारस नेमा, बाकी सरकार कोणाचं यायचं ते येऊ दे.

बोरूबहाद्दर

चष्मेवाली ताई, यावर वेगळा धागा काढा, हक्काने सांगतोय. आयईपीएफमध्ये अडकलेले इथे बरेच निघतील.

खारे शेंगदाणे

नियमांचा विषय निघालाच आहे तर बजेट. २००४ च्या बजेटने लिस्टेड शेअरवरचा दीर्घकालीन नफ्याचा कर काढला आणि एसटीटी आणला. २०१८ च्या बजेटने कर परत आणला, एक लाखाच्या वर १० टक्के, पण एसटीटी राहिलाच. २३ जुलै २०२४ ला तो साडेबारा टक्के झाला, सूट सव्वा लाख, आणि अल्पकालीन १५ चा २० टक्के. काढणारे एका पक्षाचे, आणणारे दुसऱ्या. पक्ष बघून कराचा अंदाज बांधणाऱ्यांनी ही यादी भिंतीवर लावावी.

हलवायाच्या घरावर

प्रश्न: वडिलांचे २०१० चे शेअर आहेत, त्यांना २०१६ ला बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर) मिळाला आणि २०२१ ला परत. विकले तर खरेदीची किंमत काय धरायची? फोनवरच्या ॲपमध्ये तो रकाना रिकामा दिसतो.

दशांश

तीन ओळी करा. २०१८ ला परत आलेल्या करात ३१ जानेवारी २०१८ पर्यंतच्या वाढीला सूट आहे, म्हणून ती तारीख. २०१० चे मूळ: ३१ जानेवारी २०१८ चा त्या दिवसाचा सर्वात वरचा भाव आणि तुमचा विक्रीचा भाव, यांतला जो कमी तो घ्या. तो आणि प्रत्यक्ष खरेदीची किंमत, यांतला जो जास्त ती तुमची खरेदी. २०१६ चा बोनस: त्याची प्रत्यक्ष किंमत शून्य, पण ३१ जानेवारीच्या भावाचा फायदा त्यालाही मिळतो, हिशेब तोच. २०२१ चा बोनस: शून्य, सगळा नफा. आणि विकताना जे आधी आले ते आधी गेले असं धरलं जातं, त्यामुळे थोडेच विकलेत तर बहुधा २०१० चेच जातील. शेअरचे तुकडे झाले असतील, म्हणजे स्प्लिट, तर जुना भाव त्या प्रमाणात भागायला विसरू नका.

मूषकवाहन

आणि हे स्प्रेडशीटमध्ये कर रे बाबा, बसमध्ये नको.