नैसर्गिक म्हणजे सौम्य?

झाडातून मिळणारं ते सौम्य आणि प्रयोगशाळेतलं तेवढं घातक, हे वेदनाशामक औषधांबद्दलचं विधान काही पटलं नाही. मॉर्फिन आणि कोडीन ही वेदनाशामकं अफूच्या बोंडातलीच. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे परवानाधारक शेतकरी दुपारी बोंडांना चिरा देतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घट्ट झालेला चीक खरवडून घेतात. त्या 'नैसर्गिक' मॉर्फिननेही जादा डोस झाला तर श्वास थांबतो! हेरॉइन अधलंमधलं, मॉर्फिनवर प्रक्रिया करून केलेलं. फेंटॅनिल या वेदनाशामकाला मात्र अफू लागतच नाही; १९६० च्या सुमारास बेल्जियममध्ये संशोधक पॉल यान्सेन यांनी ते बनवलं. मॉर्फिनच्या साधारण १०० पट जोरदार, म्हणून भूलतज्ज्ञ ते मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. नशेच्या मालात ते मिसळणाऱ्या गल्लीतल्या भेसळवाल्याकडे कुठला आलाय तसला काटा? आणि ट्रॅमाडॉल हे वेदनाशामकही कृत्रिमच बरं का, पण मॉर्फिनपेक्षा बरंच सौम्य.