इंजिनाला परत मत द्यायचं का? नाशिककरांनो बोला

पंचवटीकर
५ जुलै २०२५ ला वरळीच्या डोममधे राज आणि उद्धव दोन्ही ठाकरे बंधू एका स्टेजवर आले आणि तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत मनसेच्या इंजिनाचे स्टिकर फिरायला लागलेत. वडील म्हणतात बघ आता, राजसाहेबांचे दिवस परत येणार. मी म्हटलं येतील की, पण मी नाही येणार. त्यावरून घरात जे झालं ते जाऊद्या, इथे मांडतो, शिव्या घालायच्या तर घाला.

२००९ ला मी इंजिन दाबलं, २०१२ च्या महापालिकेला दोन्ही मतं इंजिनालाच. आणि मी काही एकटा नव्हतो. नाशिक पूर्व, मध्य, पश्चिम तिन्ही आमदार मनसेचे, महापालिकेत १२२ पैकी ४० नगरसेवक आणि महापौर. मुंबईने २२७ मधे २८ दिले होते, म्हणजे ज्या शहरात पक्ष जन्मला त्याच्यापेक्षा आम्ही जास्त विश्वास टाकला. गोल्फ क्लब मैदानावर सभा असली की कंपाउंडच्या भिंतीवर पोरं, झाडावर पोरं, आणि आमच्या शेजारचे पक्के काँग्रेसवाले काका पण मागे हात बांधून उभे, "नुसतं ऐकायला आलोय रे" म्हणत.

साहेबांच्या भूमिका बदलण्याचं मला एवढं काही नाही. २०१४ ला मोदींना पाठिंबा, २०१९ ला "लाव रे तो व्हिडीओ" म्हणत त्यांच्याच विरोधात सभा, २०२० ला झेंडा भगवा, २०२४ च्या पाडव्याला परत बिनशर्त पाठिंबा. ठीकाय, महाराष्ट्रात कोण बदलत नाही, २०१९ नंतर तर कोण कुठल्या पक्षात आहे हे सकाळी पेपर बघूनच कळतं. माझा राग वेगळाच आहे. २०१४ ला लोकसभेत सपाटून मार खाल्ल्यावर सोमय्या मैदानावर स्वतः सांगितलं की विधानसभा लढवणार. आम्ही वेड्यासारखे नाचलो. लढवली का? आजपर्यंत एकही निवडणूक नाही. २०१९ च्या लोकसभेला तर कहरच, राज्यभर सभा, मोबाईलवर रात्री जागून बघितल्या सगळ्या, आणि बूथवर गेलो तर मशीनवर इंजिनच नाही कारण एकही उमेदवार दिला नव्हता. मग मी टाळ्या कशाला वाजवल्या? ज्याला मत द्यायची मुभाच नाही त्याच्यावर किती वर्षं प्रेम करायचं माणसाने?

राजनिष्ठ_सिडको
काय भो, नाशिकमधे राहून हे बोलताय? पांडवलेणीखालचं बोटॅनिकल गार्डन कोणी केलं? गंगापूर रोडचं शस्त्रसंग्रहालय कोणी केलं, गोदापार्क कोणी केला? आणि त्यातली बरीचशी कामं कंपन्या आणि ट्रस्टकडून सीएसआरमधून करून घेतली. मुकणेच्या पाणी योजनेचं काम त्याच काळात लागलं. २०१५ चा कुंभमेळा त्याच काळात पार पडला. आणि एवढं करून २०१७ ला नाशिककरांनी काय दिलं तर ५ नगरसेवक. चाळीसचे पाच! भ्रमनिरास मतदाराचा नाही झाला दादा, आमचा झालाय.

निवडून कोणाला दिलं मग? मुख्यमंत्री सभेत येऊन म्हणाले नाशिक दत्तक घेतो, लगेच भाजपला ६६ जागा. दत्तक घेतलेल्या पोराची चौकशी केली का नंतर कोणी?

पंचवटीकर
दत्तकवाल्यांवर वेगळा धागा काढा, तिथे मी तुमच्याही पुढे असेन. पण तुम्ही जी नावं घेतली ती बघा जरा. बाग, म्युझियम, नदीकाठचा पार्क. सगळं दाखवायचं. आणि बहुतेक शेवटच्या वर्षा-दीड वर्षातलं, आधीची तीन वर्षं साहेब नाशिकला आले की पत्रकार परिषद, अधिकाऱ्यांना दम, आणि संध्याकाळी परत. गोदापार्कचं तर ऑगस्ट २०१६ च्या पुरात जे व्हायचं ते झालं, नदीच्या पात्राला खेटून बांधलं तर गोदामाई काय विचारून येणारे का. आणि बागेतला लेझर शो, मी पोरांना घेऊन गेलो तेव्हा बंद. (ते आताच्या लोकांचं पाप, मान्य.)

माझ्या प्रभागातले नगरसेवक, नाव नाही घेत, इंजिनावर निवडून आले. घरासमोरचं चेंबर दर पावसाळ्यात तुंबायचं, झाकण वर येऊन पाणी थेट जिन्यापर्यंत. त्यांच्याकडे गेलो की म्हणायचे साहेबांच्या कानावर घालतो. अरे चेंबरसाठी साहेब कशाला? टर्म संपायच्या आधी ते पक्षच सोडून गेले. तीन आमदारांतले पण किती राहिले बघा. माणसं जोडली पण थांबवता नाही आली, हा कोणाचा दोष, मतदाराचा?

कल्याण_स्लो
तुमच्या "काम केलं तर लोक राहतात" या थिअरीला आमच्याकडचं उदाहरण देतो. कल्याण ग्रामीणला राजू पाटील, २०१९ ला अख्ख्या राज्यात मनसेचा एकुलता एक आमदार. माणूस रस्ते, पलावाचा पूल, टँकर, सगळ्यावर सतत बोलत राहिला, रोज दिसायचा. २०२४ ला लोकसभेला पक्षाच्या आदेशाने शिंदेसेनेच्या श्रीकांत शिंदेंचं काम केलं, आणि सहा महिन्यांनी त्यांच्याच पक्षाच्या उमेदवाराने विधानसभेला पाटलांना पाडलं. म्हणजे काम करून पण पडले. मी त्यांना मत दिलं होतं आणि परत देईन. तुम्ही नेत्यावरचा राग उमेदवारावर काढताय.

पंचवटीकर
तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे ओ. त्या माणसाने पाच वर्षं कमावलेलं पुण्य वरच्या एका "बिनशर्त" शब्दात गेलं. पाठिंबा देताना निदान एवढं तरी मागायचं ना की आमच्या एकमेव आमदाराच्या समोर उभे राहू नका. माहीममधे पण तेच, राजसाहेबांचे चिरंजीव अमित ठाकरे उभे असताना शिंदेसेनेच्या सरवणकरांनी माघार घेतली नाही आणि अमित तिसऱ्या नंबरवर.

कॉलेजरोडवाली
दोघांचंही वाचलं. सॉरी पण दोघेही एकाच माणसाभोवती फिरताय, एक रुसून आणि एक ओवाळून 😄

थोडं कोरडं बोलू का? २००९ ला मनसेला राज्यात साडेपाच टक्क्यांच्या वर मतं होती आणि १३ आमदार. २०२४ ला सव्वाशेच्या आसपास उमेदवार देऊन दीड टक्का आणि शून्य. पण नाशिकच्या ४० चे ५ होण्यात अजून एक गोष्ट आहे जी कोणी बोलत नाही. २०१२ ला प्रभागात दोनच नगरसेवक होते, छोटा प्रभाग, ओळखीचा माणूस, घरोघर फिरला तर निघायचा. २०१७ ला चारचा पॅनल केला. आता चाळीस हजारांच्या पुढच्या प्रभागात फिरायचं म्हणजे पैसा आणि चारही जागांवर दमदार नाव लागतं, म्हणजे मोठा पक्ष. छोटा पक्ष तिथे मरतोच, मग नेता रोज नाशिकला मुक्कामी असता तरी. आणि २०१४ नंतर जी मोदी लाट होती ती धरा. त्यामुळे "नाशिककर कृतघ्न" हे पण चूक आणि "साहेबांनी वाट लावली" हे पण अर्धंच.

राजनिष्ठ_सिडको
ताई बरोबर बोलल्या. आणि सत्तेचं म्हणाल तर ४० म्हणजे बहुमत नव्हतं. पहिल्यांदा भाजपच्या मदतीने महापौर, अडीच वर्षांनी भाजप बाजूला झाली तर काँग्रेस-राष्ट्रवादीला बरोबर घेऊन. २०१४ मधे कित्येक महिने पूर्णवेळ आयुक्त नव्हता शहराला. फाईल कोण सही करणार, तुमचं चेंबर कोण काढणार?

पंचवटीकर
आयुक्ताचा मुद्दा घेतला, तो खरा आहे. पॅनलचा पण घेतला. पण पॅनल सगळ्यांनाच होता आणि शिवसेनेने तेव्हा ३५ आणल्या, त्यांची पण युती तुटलेलीच होती. त्यांच्या शाखा उघड्या असायच्या, हा फरक आहे.

माय_मराठी_पुणे
तुम्ही सगळे आमदार नगरसेवक मोजत बसलात. विधानसभेत शून्य असताना पहिलीपासूनच्या हिंदीचे दोन्ही जीआर २९ जून २०२५ ला सरकारला मागे घ्यावे लागले की नाही? मोर्चा निघायच्या आधीच. मुंबईच्या एंट्री पॉइंटचा टोल छोट्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ मधे माफ झाला, त्यावर सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त कोण बोंबललं होतं? बाकीचे ५०-६० आमदार घेऊन काय उपटतायत? मला असा एक माणूस हवाच ज्याला सरकार घाबरतं. मत त्यासाठी द्यायचं.

पंचवटीकर
हिंदीच्या मुद्द्यावर मी पण खूश आहे, खोटं कशाला बोलू. पण मग ती चळवळ झाली, त्याला मोर्चात येतो मी, वर्गणी देतो. मत कशाला? मताने मला पाच वर्षं सभागृहात बसणारा, बजेट वाचणारा, स्थायी समितीत भांडणारा माणूस पाहिजे. (टोलवर तर २०१४ ला रास्ता रोको करून मग जो शांतपणा आला तो पण आठवतो मला, पण असो.)

माय_मराठी_पुणे
बजेट वाचणारा नगरसेवक 😂 कुठल्या पक्षात असतो हा? पत्ता द्या.

कॉलेजरोडवाली
मार्च २०२२ पासून किमान २०२५ पर्यंत इथे प्रशासकच होता, नगरसेवकच नव्हता कोणी, पत्ता कोणाचा देणार. माझा प्रश्न राजनिष्ठ यांना. समजा दोघा भावांची युती झाली, जागावाटप झालं आणि तुमचा सिडकोचा प्रभाग उबाठाला (उद्धव ठाकरेंच्या सेनेला) गेला. सिडकोत त्यांची ताकद आहे, होऊ शकतं. मग?

राजनिष्ठ_सिडको
मग मशाल. आदेश आला की मशाल, विषय संपला.

पंचवटीकर
२०१७ ला मुंबईत तुमच्या सातपैकी सहा नगरसेवक एका रात्रीत ज्यांनी नेले त्यांनाच?

राजनिष्ठ_सिडको
ते विसरलेलो नाही. त्या रात्री झोपलो नव्हतो मी. पण आदेश म्हणजे आदेश.