शेतात सापडलेला रोमन तुकडा ओळखायला मदत हवी आहे (लवकर!)

नांगरटीवरचा:
शनिवारी मेटल डिटेक्टर घेऊन गेलो होतो, एक तुकडा मिळाला. हिरवा, पानाच्या आकाराचा, मधे भोक. रोमन आहे हे नक्की, मागच्या महिन्यात त्याच शेतात रोमन नाणं मिळालं होतं. आहे काय नक्की? दोन ठिकाणी विचारलं, कोणी धड सांगत नाही. फोटो जोडलाय.

जुनीकडी:
फोटोत तुमचा अंगठाच जास्त दिसतोय. लांबी? वजन? मागची बाजू? आणि शेत कुठलं, नाशिकचं की नॉर्विचचं?

डबल_चहा:
घोड्याच्या साजावरचं व्हिक्टोरियन पितळ. माझ्याकडे डबाभर पडलंय. रोमन लोक कांसं वापरायचे, पितळ नाही.

जुनीकडी:
@डबल_चहा हे कुठून काढलंत? पहिल्या शतकातल्या रोमन सैन्याच्या पट्ट्यांवरचं आणि घोड्यांच्या साजावरचं बरंच सामान पितळेचंच असायचं. सेस्टर्टियस हे रोमन नाणंसुद्धा पितळेचं. नुसतं बघून कळत नाही, म्हणून तर नोंदीत सरळ 'तांब्याचा मिश्रधातू' लिहितात.

सुगरण_सरे:
चिंच-मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि काथ्याने घासा. आमची समई अशीच लख्ख निघते. मग नक्षी दिसेल.

लीड्सकर:
ताई, हात जोडतो, नको! नक्षी त्या हिरव्या थरातच असते. आंबट लागलं की थर गेला, वर कल्हई किंवा मीना असेल तर तोही गेला. मी एक बक्कल व्हिनेगरमध्ये टाकून बसलोय, सालपट काढल्यासारखं गुलाबी झालं. फिकट हिरवी पूड सुटत असेल तर मात्र क्लोराइडने धातू खायला घेतलाय, सिलिका जेलच्या पुडीबरोबर कोरडं ठेवा.

नांगरटीवरचा:
अहो, साफ कसं करायचं हे मी विचारलंच कधी? 38 मिमी, 9 ग्रॅम, मागे दोन खुंट. नॉर्थ यॉर्कशायर, कॅटरिकजवळ.

जुनीकडी:
हे आधी सांगायचं ना! कॅटरिक म्हणजे रोमनांचं कॅटॅरॅक्टोनियम, डिअर स्ट्रीट या रोमन रस्त्यावरचं. खुंटांना आटे आहेत का? असतील तर रोमन विसरा.

नांगरटीवरचा:
आटे नाहीत. टोकाला चपट्या चकत्या, तुकड्याबरोबरच ओतलेल्या वाटतात. मधे तीनेक मिमी फट.

जुनीकडी:
मग ही चामडी पट्ट्यावरची जडणी. फट म्हणजे चामड्याची जाडी. चामड्याला चीर पाडून चकती आत सरकवायची. कमरेचा पट्टा की घोड्याचा साज, ते नक्षीवरून ठरेल. व्हिक्टोरियन वाटत नाही.

वाड्यावरचा:
गावी आमच्या वाड्याच्या भिंतीत धन पुरलेलं आहे म्हणतात. कोणता डिटेक्टर घ्यावा?

लीड्सकर:
भारतात 1878 चा कायदा आहे, 10 रुपयांहून जास्त किमतीचं जमिनीतून निघालं की कलेक्टरला कळवावं लागतं. आधी तो वाचा, डिटेक्टर नंतर. धागाकर्ते, तुमच्याकडे शेतमालकाची परवानगी आहे ना? संरक्षित स्थळ असेल तर इथल्या, ब्रिटनच्या 1979 च्या कायद्याने लेखी सरकारी परवानगीशिवाय डिटेक्टर फिरवणंच गुन्हा.

नांगरटीवरचा:
लेखी आहे. खजिना म्हणून कळवावं लागेल का?

लीड्सकर:
इथल्या 1996 च्या खजिना कायद्यात सुटी वस्तू 300 वर्षांहून जुनी आणि किमान 10 टक्के सोन्या-चांदीची लागते. तांब्याचा सुटा तुकडा सहसा बसत नाही. पण 2023 पासून 200 वर्षांहून जुन्या, असाधारण महत्त्वाच्या वस्तूही धरतात. तेव्हा पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या (लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारी योजना) तुमच्या भागातल्या अधिकाऱ्यांना दाखवाच. नोंद ऐच्छिक आहे, पण त्यांच्याकडे 15 लाखांहून जास्त वस्तूंची नोंद आहे, तुमच्यासारखा दुसरा तुकडा तिथेच सापडेल. शेतातली नेमकी जागा द्या, नुसतं 'कॅटरिकजवळ' नको.

डबल_चहा:
मी अजूनही व्हिक्टोरियनच म्हणतो.

नांगरटीवरचा:
मेल टाकला, पट्टी ठेवून चार बाजूंनी फोटो काढले. तिथल्या अधिकारी बाई म्हणाल्या नाणंही घेऊन या.

सुगरण_सरे:
ते तरी घासलं नाहीत ना?

नांगरटीवरचा:
टूथब्रशने. थोडंसंच.