ओळख करून दिली, काम झालं, कमिशन अडलं: तुमचे अनुभव सांगा

भोसरीतल्या एका वर्कशॉपवाल्याला स्टॉकचं सॉफ्टवेअर हवं होतं आणि माझ्या ओळखीत कोडिंग करणारी दोन पोरं होती. गाठ मी घालून दिली. 6 लाखांचं काम, 10 टक्के माझे, सगळं तोंडी. पहिल्या हप्त्यावरचं कमिशन वेळेत आलं. मग दोन्हीकडचे फोन हळूहळू बंद. चार महिन्यांनी सहज चक्कर मारली, तर स्टोअरमध्ये बारकोड स्कॅनर टुकटुक वाजतोय आणि त्याच्या स्टँडवर त्या पोरांच्या नंबरचं स्टिकर: 'सपोर्टसाठी संपर्क'. मालकाने चहा पाजला, वर म्हणाला, "सगळी तुमचीच कृपा!"

मध्यस्थी केलेल्यांनी लिहा. कुठे फसलात, कशाने वाचलात?

*

स्टिकर वाचून हसू आलं, माफ करा. माझंही असंच झालं होतं, फक्त चहासुद्धा मिळाला नाही.

आता मी पार्टीचं नाव सांगण्याआधी डेव्हलपरला ईमेल टाकते: 'अमुक ग्राहकाशी तुमची ओळख आज माझ्यामार्फत होते आहे. पुढचे 24 महिने त्यांच्याकडून जे बिल वसूल होईल त्यावर 8 टक्के, एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) धरून.' उत्तरात 'मान्य' आलं की मगच नंबर देते. आधी मी 'थेट काम करायचं नाही' अशी बंदी लिहून घ्यायचे. वकीलबाई म्हणाल्या, करार कायदा 1872 च्या कलम 27 पुढे धंद्यावरची बंदी टिकवणं अवघड. त्यापेक्षा थेट काम खुशाल करा म्हणावं, कमिशन तेवढं द्या.

*

मी वेगळा रस्ता धरला. ग्राहकाला बिल माझं, डेव्हलपरला ऑर्डर माझी. पैसा हातातून जातो, म्हणून निश्चिंत होतो. मग डेव्हलपर गावी लग्नाला गेला तो परतलाच नाही. उशिराचा दंड माझ्या बिलातून कापला गेला. त्याला कसाबसा गाठून सोर्स कोड मागितला तर म्हणाला, "कोड माझा आहे." आणि खरंच त्याचा होता! बाहेरच्या माणसाकडून लिहून घेतलेल्या कोडचा हक्क सहीनिशी लेखी दिल्याशिवाय आपल्याकडे येत नाही. लेखी घेताना मुदत लिहायची राहिली तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार तो फक्त 5 वर्षांचाच धरतात. आता रिपॉझिटरी, म्हणजे कोड ठेवायची ऑनलाइन जागा, पहिल्या दिवसापासून माझ्या खात्यात. तो रुसला तर रुसला.

*

मी हिशेब लिहिणारा, म्हणून रुक्ष सांगतो. कमिशन रोखीत घेऊ नका. माझ्या एका अशिलाचा करार नव्हता, पण पहिल्या कमिशनवर समोरच्याने टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, भरला होता (आयकर कायदा 1961 चं कलम 194एच, तेव्हा 5 टक्के, 1 ऑक्टोबर 2024 पासून 2 टक्के झाला). पुढे "कसलं कमिशन?" म्हणायला लागले. फॉर्म 26एएसमधली, म्हणजे आपल्या नावावर भरलेल्या कराच्या सरकारी तक्त्यातली, ती एक ओळ काढून समोर ठेवली. कमिशन म्हणून कर त्यांनीच भरलेला, नाही कसं म्हणणार? तडजोडीत बरेचसे पैसे निघाले.

*

मी कोड लिहिणाऱ्यांपैकी, तेव्हा शिव्या खायची तयारी आहे. आमचं कोटेशन 3 लाखांचं, मधल्याने ग्राहकाला साडेपाच सांगितले. ग्राहकाशी बोलूही देत नव्हता. प्रत्येक बदल त्याच्या व्हॉइस नोटमधून, मागे रिक्षाचा हॉर्न. 'जावक'चं 'आवक' ऐकून आम्ही आठवडाभर उलटा रिपोर्ट बनवला. शेवटी थेट गेलो आणि अजिबात वाईट वाटलं नाही. ज्यांनी कमिशनचा आकडा दोघांसमोर उघड सांगितला, त्यांचे पैसे कधी ठेवले नाहीत.

*

धागा काढणारा परत आलोय. वरचं पटलं, माझे 10 टक्के मालकाला ठाऊकच नव्हते. परवा एका दवाखान्याचं अपॉइंटमेंटचं काम जुळवायचंय. ईमेलचा मसुदा तयार आहे, डॉक्टरीणबाईंनाही सीसीमध्ये घेतोय. आणि स्टिकर माझ्या नंबरची छापायला टाकली आहेत.