'येट' म्हणजे नक्की काय? आणि मग 'स्टिल' कधी?

शाईपेन:
एक मेल आलाय, त्यात लिहिलंय 'वी आर येट टू रिसीव्ह युवर डॉक्युमेंट्स'. यात 'नॉट' कुठेच नाहीये, मग कागदपत्रं त्यांना मिळाली समजायचं की नाही? आणि 'अजून' म्हणायचं असेल तर येट कधी नि स्टिल कधी हेही कुणीतरी नीट सांगा प्लीज.

निवांत:
नाही मिळालेली, परत पाठवून द्या. 'येट टू'मध्येच नकार आला. आपणही 'कागदपत्रं यायचीयत' म्हणतो, त्यात तरी 'नाही' कुठे असतं?

जुनीवही:
निवांत बरोबर सांगतायत. बाकी गोंधळ होतो कारण मराठीत 'तो अजून झोपलाय' आणि 'तो अजून उठला नाही' दोन्हीकडे आपलं अजूनच चालतं, इंग्रजीत मात्र जे चालू होतं ते चालूच आहे तिथे स्टिल, 'ही इज स्टिल स्लीपिंग', आणि जे व्हायचं होतं ते झालं नाही तिथे येट, 'ही हॅझन्ट वोकन अप येट'. येट शक्यतो नकारात किंवा प्रश्नात येतं, आणि बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी. साध्या होकारी वाक्यात 'झालं' सांगायला येट लावू नका, तिथे ऑलरेडी.
आता खरी गंमत. 'ही स्टिल हॅझन्ट वोकन अप' हेही बरोबर आहे! पण स्टिल हॅझन्टच्या आधी येतं आणि सूर बदलतो, म्हणजे 'अजूनही उठला नाहीये हा', एव्हाना उठायला हवा होता असं. येटमध्ये तसा वैताग नसतो, नुसती माहिती. ऑफिसच्या मेलमध्ये 'यू स्टिल हॅवन्ट रिप्लाइड' लिहिलं की समोरच्याला टोचतं, त्यामुळे जपून.

मीरा_क:
प्रश्नातला फरक पण बघा. 'हॅव यू फिनिश्ड येट?' म्हणजे झालं का? आणि 'हॅव यू फिनिश्ड ऑलरेडी?' म्हणजे एवढ्यात झालंसुद्धा? अमेरिकन लोक बोलताना 'डिड यू ईट येट?' पण सर्रास म्हणतात, ब्रिटिश वळणाच्या पुस्तकात 'हॅव यू ईटन येट?' असतं, तेव्हा ऐकून गोंधळू नका.

शाईपेन:
थँक्यू सगळ्यांना, कागदपत्रं परत पाठवतोय. मग 'येट अनदर प्रॉब्लेम' मधलं येट कुठलं?

जुनीवही:
ते 'आणखी एक'. आधीच बरेच झालेत, त्यात हा अजून एक. बघा, तिथेही अजून बसतंच की. फक्त 'स्मॉल येट स्ट्राँग' मधलं वेगळं, त्याचा वेळेशी संबंध नाही, ते 'लहान पण मजबूत' मधलं पण.