लिमिटेड एडिशन पिनबॉल घरी आलं आणि मन खट्टू झालं. अपेक्षाच जास्त होत्या का?

तिसराबॉल:
दीड वर्ष थांबलो, मग मशीन आलं. कंपनीचं नाव घेत नाही. पाटीवर माझा क्रमांक, बाजूंना आरशासारखी चमकणारी आर्ट, सगळं झकास. दोनशे गेम झाल्यावर काल काच काढून टॉर्च तिरका धरला, तर प्लेफील्डभर, म्हणजे बॉल फिरतो त्या फळीभर, बारीक खड्डे! शिवाय गेममधला एक मोड (वेगळ्या नियमांचा टप्पा) अजून अर्धवट, पुढच्या अपडेटमध्ये येईल म्हणे. इतकी मोजकी मशिनं काढतात, तर निवडून-पारखून काढत नाहीत का? की माझंच चुकतंय?

जुनाकॉइल:
आधी तो टॉर्च ठेवून द्या. बॉल स्टीलचा, ८० ग्रॅमचा. खाली मेपलची प्लाय. वरचा क्लिअरकोट (पारदर्शक लेप) कितीही कडक असला तरी लाकूड दबणारच. जुन्या मशिनांवरही खड्डे आहेत, पण इतके पडलेत की एकमेकांत मिसळून नजरेत येत नाहीत. बघायचंच असेल तर प्लेफील्डवरच्या पोस्टच्या (छोट्या खुंटीच्या) बुडाशी क्लिअरकोट उचलला जातोय का, इन्सर्टच्या (खालून दिवा लागणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्याच्या) कडेला भेग आहे का ते बघा. तसं दिसलं तर त्याच दिवशी फोटो काढून डीलरला पाठवा.

बाकी एलईसाठी (लिमिटेड एडिशनसाठी) वेगळं मेपल उगवत नाही हो. स्टर्न कंपनीचं घ्या. एकाच मशीनची प्रीमियम आणि एलई आवृत्ती, खेळ साधारण सारखाच, सॉफ्टवेअरचा कोड तोच. जास्तीचे पैसे आर्ट, ट्रिम, काच आणि त्या पाटीचे. २०२१ च्या गॉडझिलाची एलई मशिनं १००० वरच थांबली, पण प्रीमियम नंतरही बनत राहिली.

टिल्टनाना:
मोजकं म्हणजे भारी, हे कुणी सांगितलं? ॲडम्स फॅमिली (१९९२) ही मशीन २०,२७० बनली, तरी लोक अजून तिच्यावर जीव टाकतात. उलट कॅक्टस कॅन्यन (१९९८) फक्त ९०३, आणि तेही ठरवून नाही. उत्पादन मध्येच गुंडाळलं, नियम अपुरे राहिले, आणि पुढच्याच वर्षी ती बनवणाऱ्या विल्यम्स कंपनीनं पिनबॉल बंद केलं. तुमच्या अर्ध्या मोडला निदान वाली आहे.

तिसराबॉल:
मशीनवरचे सगळे पोस्ट बघितले, कुठेही उचललेलं नाही. आता एक कबुली. पाहुण्यानं फ्लिपर (बॉल टोलवणारा दांडा) जोरात दाबला की माझ्या पोटात गोळा येत होता. गेल्या रविवारी भाच्याला मी चक्क "हळू खेळ" म्हणालो. पिनबॉल, हळू!

जुनाकॉइल:
😄 प्लेफील्डचा उतार मोजलात का? साधारण ६.५ अंश हवा.

तिसराबॉल:
५.२ निघाला! मागचे पाय चढवले. कालपर्यंत बॉल पालखीत बसल्यासारखा यायचा, आता आउटलेन (बॉल गिळणारी कडेची वाट) दिवसाढवळ्या लुटतेय. भाचा सकाळपासून मला तीनदा हरवून गेला.